साखर तीच, नाव नवं? वनस्पतीजन्य गोडाच्या पर्यायांची झाडाझडती

‘नैसर्गिक’, ‘रिफाइंड साखर नाही’, ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’. गोडाच्या पाकिटावर असे शब्द दिसले की हात सैल सुटतो आणि एरवी दोन तुकड्यांवर थांबणारा माणूस पाच खातो. तेच पाकीट उलटून मागचा तक्ता वाचला तर बऱ्याचदा नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दूध, लोणी, मध, अंडं वगळलं म्हणून पदार्थातली साखर कमी होत नाही. उसाची साखरही वनस्पतीजन्यच असते.

म्हणून इथे प्रत्येक पर्यायाला तीनच प्रश्न विचारले आहेत. एका वेळच्या खाण्यात साखर किती ग्रॅम जाते? तिच्याबरोबर तंतू, प्रथिनं, स्निग्ध असं काही येतं की नुसती साखरच? आणि तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: एका वाटीवर हात थांबतो का? मोजायला माप जागतिक आरोग्य संघटनेचं. तिच्या २०१५ च्या शिफारशीनुसार दिवसाच्या एकूण ऊर्जेत मुक्त साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा. ५ टक्क्यांच्या आत आला तर आणखी बरं. २,००० किलोकॅलरीच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. मुक्त साखरेत चमच्याने घातलेली साखर तर येतेच, शिवाय मध, सगळे पाक आणि फळांचे रसही येतात. अख्खं फळ त्यात धरत नाहीत.

खजूर: चांगला, पण मोजून

‘साखर नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांचा कणा बहुतेक वेळा खजूरच असतो, तेव्हा त्याची तपासणी आधी. १०० ग्रॅम मेजूल या मोठ्या, मऊ जातीच्या खजुरात साधारण ६६ ग्रॅम साखर, ७ ग्रॅमच्या जरा आत तंतू आणि २७७ किलोकॅलरी असतात. बी काढलेला एक मेजूल सुमारे २४ ग्रॅमचा, म्हणजे एका खजुरात १६ ग्रॅम साखर: चहाचे चार चमचे. आकडा दचकवणारा आहे, तरी अख्खा खजूर चावून खायला वेळ लागतो, तंतू सोबत असतात आणि चव इतकी भरगच्च असते की दुसऱ्यानंतर तिसरा सहसा उचलला जात नाही. बी काढून तिच्या जागी दोन भाजलेले बदाम आणि मिठाचे चार खडे, ही या सबंध यादीतली सर्वांत स्वस्तात जमणारी आणि सर्वांत भरवशाची मिठाई. मीठ इथे शोभेला नाही. थोडंसं मीठ कडवटपणा दाबतं आणि त्यामुळे गोडवा पुढे येतो.

घेताना घटकांची यादी बघा. काही खजुरांवर चकाकीसाठी ग्लुकोजचा पाक चोपडलेला असतो. यादीत ‘खजूर’ याशिवाय दुसरा शब्द नको. सालीवर किंवा आत पांढरे खडबडीत कण दिसले तर ती बहुतेक वेळा बाहेर आलेली साखर असते, कोमट पाण्यात विरघळते. लोकरीसारखा मऊ थर किंवा आंबूस वास असेल तर मात्र फेकून द्या. आणि ‘बिया काढलेला’ असं लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर बोटांनी उघडून बघायचाच. आत कीड असू शकते आणि बीचा उरलेला एक तुकडा मिक्सरचं पातं खराब करायला पुरतो.

साखरेऐवजी वापरायचा तर खजुराचा लगदा करून ठेवावा. बिया काढलेला खजूर २०० ग्रॅम, कढत पाणी १२० मिली, वीस मिनिटं झाकण. मग त्याच पाण्यासकट गुळगुळीत वाटायचा. डेगलेट नूरसारखा कोरडा खजूर असेल तर भिजवण तासभर. फ्रिजमध्ये दहा-बारा दिवस, फ्रीझरमध्ये तीन महिने टिकतो. बर्फाच्या साच्यात गोठवला तर एकेक चौकोन काढायला सोयीचं. या लगद्यात वजनाच्या सुमारे ४१ टक्के साखर असते. म्हणजे १०० ग्रॅम साखरेच्या जागी १०० ग्रॅम लगदा घातला तर साखर निम्म्याहून खाली येते. जादू खजुराची नाही, त्यातल्या पाण्याची आणि तंतूंची. गोडवाही अर्थातच कमी होतो, आणि तो भरून काढायला लगदा दुप्पट घातला की हिशेब जवळजवळ पुन्हा पहिल्या जागी.

बेकिंगमध्ये इथेच घोटाळे होतात. लगद्यात पाणी असतं, म्हणून कृतीतलं इतर द्रव लगद्याच्या कपामागे पाव कप कमी करायचं. खजुरातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज नेहमीच्या साखरेपेक्षा कमी उष्णतेला रंग धरतं, म्हणून ओव्हन १० ते १५ अंश खाली ठेवायचा. नाहीतर वरून काळा आणि मधे ओला असा केक निघतो. कुरकुरीत बिस्किट या लगद्याने होणार नाही, तो हट्ट सोडावा. साखर वितळून पुन्हा घट्ट होते तेव्हा कुरकुरीतपणा येतो. लगदा तिथे उलट ओलावा आणतो. मऊ केक, ब्राउनी, ओटचे जाड तुकडे यांना तो शोभतो.

आता खजुराचे लाडके गोळे, ज्यांना ‘एनर्जी बॉल’ म्हणतात. २०० ग्रॅम खजूर, १०० ग्रॅम बदाम, २० ग्रॅम बिनसाखरेचा कोको, पाव चमचा मीठ. बदाम आधी जाडसर फिरवायचे. जास्त फिरवले तर तेल सुटतं आणि गोळे तुपकट होतात. मग खजूर, कोको. मिश्रण मुठीत दाबल्यावर टिकलं पाहिजे. भुगा पडत असेल तर पाणी चमचाभरच, तेही थेंबाथेंबाने. यातून २० ग्रॅमचे सोळा गोळे होतात. एकात साधारण साडेआठ ग्रॅम साखर आणि ७४ किलोकॅलरी. दोन खाल्ले तर ठीक. सहा खाल्ले तर ५० ग्रॅम साखर आणि साडेचारशेच्या आसपास कॅलरी, आणि सहा खाल्ले जातातच, कारण वाटून मऊ केलेल्या पदार्थाला चावावं लागत नाही. ब्रिटनमध्ये लगदा केलेल्या फळातली साखर मुक्त साखर म्हणूनच मोजतात, अख्ख्या सुक्या फळातली मोजत नाहीत. हा फरक उगाच केलेला नाही. यावर उपाय साधा: गोळे फ्रीझरमध्ये ठेवा. दगड होत नाहीत, टॉफीसारखे चिवट होतात, एकेक चघळत खावा लागतो. दातांना मात्र खजूर चिकटतो, तेव्हा अधूनमधून तोंडात टाकण्यापेक्षा जेवणाला जोडून खाणं बरं.

पाक आणि ‘वेगळ्या’ साखरा

इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. नारळाची साखर ही बहुतांशी सुक्रोजच, म्हणजे नेहमीच्या साखरेत असतं तेच. जे खनिज तिच्यात आहे ते एक-दोन चमच्यांतून अंगी लागण्याइतकं नाही. चव कॅरॅमलसारखी आहे, तेवढ्यासाठी घ्यायची तर घ्या. अगाव्हे या जाड पानांच्या वनस्पतीचा पाक रक्तातली साखर लगेच चढवत नाही, कारण त्यात फ्रुक्टोजचं प्रमाण फार मोठं असतं आणि फ्रुक्टोज आधी यकृताकडे जातं. मधुमेहींचा मित्र म्हणून त्याची जाहिरात होते ती एवढ्याच जोरावर. त्याच्या बाजूने एक गोष्ट खरी: तो साखरेहून गोड आहे, त्यामुळे कमी लागतो. तपकिरी तांदळाच्या पाकाची अडचण दुहेरी. त्यातली साखर रक्तात झपाट्याने पोचते आणि तांदळातलं आर्सेनिक पाकात उतरतं. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दाखवलं आहे. लहान बाळांच्या खाण्यात तो नको.

मेपलचा पाक मात्र ठेवावा, पण पदार्थात मिसळायला नव्हे. वास जोरदार असल्यामुळे तो वरून घातलेला एक चमचा पुरतो. ही युक्ती सगळ्याच गोडांना लागू आहे: साखर सबंध मिश्रणात सारखी पसरली की जीभ तिला सरावते, वरच्या थरात ठेवली की पहिल्याच घासाला जाणवते. ओटची खीर शिजवताना तीन चमचे घालण्याऐवजी वाटीत वाढल्यावर एक चमचा वरून सोडा. गोडवा कमी वाटत नाही.

गोठवलेलं केळं

या झाडाझडतीत पहिला नंबर याचाच. आइस्क्रीमची तलफ त्याने खरोखर भागते, आणि न जमण्याची कारणंही मोजकी आहेत.

तीन मध्यम केळी, सोललेली सुमारे ३५० ग्रॅम. सालीवर तपकिरी ठिपके हवेत. कच्च्या केळ्यात स्टार्च असतो, पिकताना त्याची साखर होते. पिवळंधमक पण ठिपके न आलेलं केळं घेतलं तर आइस्क्रीम खडूसारखं आणि तुरट लागतं. दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करून ताटात बटर पेपरवर सुट्या मांडा आणि रात्रभर उणे १८ अंशांवर ठेवा. सोललेलं केळं अख्खं गोठवलं तर पातं त्याच्यावरून घसरत राहतं; चकत्या एकावर एक रचल्या तर त्यांची वीट होते. गोठल्यावर पिशवीत भरून हवा काढून टाका. दोन-तीन महिन्यांत वापरा, नंतर फ्रीझरचा वास लागतो.

फिरवण्याआधी चकत्या पाच मिनिटं बाहेर ठेवायच्या. फूड प्रोसेसरमध्ये आधी थांबून थांबून झटके, मग सलग. पहिल्यांदा रव्यासारखा भुगा होतो, मग चिकट ढेकळं, आणि बहुतेक लोक इथेच घाबरून दूध ओततात. ओतू नका. कडा खरवडून आणखी एक-दोन मिनिटं फिरवलं की मिश्रण अचानक रेशमी होतं. दूध घातलं की पातळ पेय होतं आणि परत गोठवल्यावर बर्फाचे खडे होतात. पातं अगदीच अडलं तर बिनसाखरेचं सोया दूध एक मोठा चमचा, त्याहून जास्त नाही. उभट भांड्याच्या मिक्सरला हे काम जड जातं: खाली पातं मोकळं फिरतं, वर चकत्या तशाच. अशा वेळी अर्धाच घाणा घ्या आणि मोटर गरम झाल्याचा वास आला तर थांबा.

फक्त गोठवलेल्या फळांसाठी मिळणारं वेगळं यंत्रही आहे. वरच्या नळीतून फळ दाबायचं, खालून मऊ लडी पडते. काम बरं करतं, पण फळ दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढलं नाही तर बर्फाचा चुरा पडतो, प्रत्येक वेळी थोडं फळ आत अडकून राहतं आणि धुवायचे भाग बरेच. घरात चांगला फूड प्रोसेसर असेल तर याची गरज नाही.

चवीसाठी: २० ग्रॅम कोको आणि चिमूटभर मीठ, किंवा ३० ग्रॅम बिनसाखरेचं शेंगदाण्याचं लोणी. स्निग्धामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होत नाहीत आणि तोंडात मलईसारखं वाटतं. केळ्याचा वास नकोसा असेल तर तिसरा हिस्सा गोठवलेला आंबा किंवा चेरी. नुसत्या रासबेरीचं किंवा स्ट्रॉबेरीचं असं आइस्क्रीम होत नाही. पाणी जास्त, दाट गर कमी, त्यामुळे खडे लागतात. निम्मं केळं हवंच. रासबेरी घातली तर हिशेबही सुधारतो: १०० ग्रॅम रासबेरीत साखर साडेचार ग्रॅमच्या आसपास आणि तंतू साडेसहा ग्रॅम.

तिघांच्या या घाण्यात साखर साधारण ४० ते ५० ग्रॅम, म्हणजे वाटीमागे पंधरा-सोळा. तीही सगळी फळातली. विकतच्या व्हीगन आइस्क्रीमशी तुलना करताना मात्र फसगत होते ती मापाची. ते लिटरमध्ये विकलं जातं आणि त्यात हवा भरलेली असते, म्हणून वाटी मोठी दिसते. तुलना ग्रॅमला ग्रॅम अशी करा. नारळाच्या दुधावरच्या आइस्क्रीममध्ये दुसरा मुद्दा स्निग्धाचा. खोबरेल तेलातलं ८० टक्क्यांहून अधिक स्निग्ध संपृक्त असतं आणि ते वनस्पतीतून आलं म्हणून रक्तातल्या कोलेस्टेरॉलला वेगळं वागत नाही. सणासुदीला ठीक, रोजचं नव्हे.

घरच्या केळ्याच्या आइस्क्रीमचा खरा दोष एकच: उरलेलं पुन्हा गोठवलं की दगड. त्यात हवा नाही आणि साखरही आइस्क्रीमइतकी नाही, म्हणून ते मऊ राहत नाही. जेवढं लागेल तेवढंच फिरवा. थंडीने जिभेला गोडवा कमी कळतो, हेही ध्यानात ठेवा. खोलीच्या तापमानाला अति गोड लागणारं मिश्रण गोठल्यावर बरोबर लागतं. साखर न घालता तेच साधायचं म्हणून केळं जास्त पिकलेलं घ्यायचं.

डार्क चॉकलेट, कोको आणि टोफू

७० टक्के चॉकलेटच्या १०० ग्रॅममध्ये साखर जास्तीत जास्त ३० ग्रॅम असू शकते, ८५ टक्क्यांच्यात १५. दहा ग्रॅमच्या वडीत म्हणजे तीन किंवा दीड ग्रॅम. गोड पदार्थासाठी हे आकडे नवलाचे आहेत, आणि कडवटपणामुळे हातही आपसूक थांबतो. टक्क्यांत कोको बटरही मोजलेलं असतं, म्हणून दोन ७० टक्क्यांची चॉकलेटं एकसारखी लागत नाहीत. एक मऊसर, दुसरं रखरखीत. यादीत कोको मास पहिला, साखर दुसरी किंवा तिसरी, मग कोको बटर, लेसिथिन, एवढंच असावं. ‘मिल्क फॅट’ किंवा ‘बटर ऑइल’ डार्क चॉकलेटातही शिरतं, तेव्हा व्हीगन खाणाऱ्यांनी नुसत्या रंगावर जाऊ नये.

वाईट बातमीही सांगायला हवी. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २८ डार्क चॉकलेटं तपासली. सगळ्यांत शिसं आणि कॅडमियम सापडलं, आणि २३ अशी होती की रोज २८ ग्रॅम खाल्लं तर यातल्या निदान एका धातूची मात्रा संस्थेने धरलेल्या मर्यादेपलीकडे जाते. म्हणजे डार्क चॉकलेट औषधासारखं रोज अख्खं खायची गोष्ट नाही. दहा-वीस ग्रॅम, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं आलटून पालटून. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी याबाबत जास्त काटेकोर राहावं.

चॉकलेटची सर्वांत चांगली गुंतवणूक टोफूमध्ये. मऊ रेशमी टोफू ३०० ग्रॅम, ७० टक्के चॉकलेट १५० ग्रॅम, चिमूट मीठ, थोडा व्हॅनिला. सहा वाट्या मूस, म्हणजे मऊ मलईदार गोड, होतं; वाटीमागे साखर साडेसात ग्रॅम आणि शिवाय प्रथिनं. टोफू तासभर बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला आणा आणि आधी एकटाच गुळगुळीत फिरवून घ्या. फ्रिजमधून काढलेल्या थंड टोफूत वितळलेलं चॉकलेट ओतलं की ते तिथल्या तिथे आवळतं आणि मूसमध्ये रवाळ ठिपके राहतात. चॉकलेट वितळवताना भांड्यात पाण्याचा थेंब पडला तर ते घट्ट, खरखरीत होतं. फेकू नका, दोन-तीन चमचे गरम सोया दूध एकदम घालून ढवळलं की परत सैल होतं. थेंबाने बिघडतं, चमच्यांनी सुधारतं. सोयाचा कच्चट वास लपवायला अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी. फ्रिजमध्ये तीन तास.

अवोकाडोचं मूस फार गाजतं. १५० ग्रॅम गराला २५ ग्रॅमहून कमी कोको घातला तर गवतासारखी चव वर येते आणि दुसऱ्या दिवशी ती लपतही नाही. टोफूपेक्षा महाग पडतं, लवकर काळवंडतं. टोफू जिंकतो.

कोको पावडर घेताना ‘अल्कलीवर प्रक्रिया केलेली’ असं लिहिलंय का बघा. ती गडद आणि चवीला मऊ, पण त्या प्रक्रियेत फ्लॅव्हनॉल्स, म्हणजे कोकोतली उपयुक्त मानली जाणारी द्रव्यं, बरीच जातात. साधी कोको आंबट असते आणि बेकिंग सोड्याबरोबर फुगते. अल्कलीवाली नुसत्या सोड्याने फुगत नाही, तिला बेकिंग पावडर लागते. केक बसला तर आधी डब्यावरची ही ओळ वाचा.

स्टीव्हिया, मंक फ्रूट, एरिथ्रिटॉल

स्टीव्हिया या वनस्पतीच्या पानांचा अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड. चहाच्या एका चमचा साखरेला वीस मिलिग्रॅमच्या आत अर्क पुरतो, आणि एवढीशी पूड चिमटीतही येत नाही. म्हणून पुडीत दिसतं ते जवळजवळ सगळं भरताड: एरिथ्रिटॉल (शर्करा-अल्कोहोल गटातला गोडकारक), डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चची पूड) किंवा इन्युलिन (एक तंतू). डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच. मंक फ्रूटच्या ‘साखरेच्या मापाला माप’ पाकिटांतही बहुतांश एरिथ्रिटॉलच असतं. नाव फळाचं, वजन दुसऱ्याचं.

चवीचं बोलायचं तर स्टीव्हियाची कडू, ज्येष्ठमधासारखी शेपटी प्रमाण वाढवलं की वाढत जाते. म्हणून सगळी साखर काढून त्याजागी स्टीव्हिया घालण्यापेक्षा निम्मी साखर ठेवून निम्मी बदलणं शहाणपणाचं. स्टीव्हियातल्या गोड घटकांपैकी रेब ए असलेल्यापेक्षा रेब एम असलेला अर्क स्वच्छ लागतो. लिंबू, कोको, कॉफी यांत कडवटपणा मिसळून जातो. साध्या दुधाळ खिरीत उघडा पडतो. केकमधून १५० ग्रॅम साखर काढून चिमूटभर अर्क घातला तर केकचा ओलावा, रंग आणि आकारमान तिघंही जातात. तिथे खजुराचा किंवा केळ्याचा लगदा आकारमानासाठी घालावा आणि वर हवा तर स्टीव्हिया.

एरिथ्रिटॉल साखरेच्या ६० ते ७० टक्के गोड, कॅलरी नगण्य. विरघळताना उष्णता ओढून घेतो, म्हणून जिभेला पेपरमिंटसारखा गारवा लागतो. पुदिन्याच्या चॉकलेटात छान, गरम केकमध्ये विचित्र. फ्रिजमध्ये त्याचे पुन्हा स्फटिक होतात आणि मूस दाताखाली कचकचतं. दळून घेतला आणि प्रमाण कमी ठेवलं तर कमी त्रास. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची रोजची मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे अर्धा ग्रॅम ठरवली, ती पोट बिघडू नये म्हणून: ६० किलोच्या माणसाला ३० ग्रॅम. त्याच वर्षी नेचर मेडिसिनमधल्या एका अभ्यासात रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकाराचा धोका यांचा संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण नव्हे. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल तयार करतं. तरी हृदयाचा त्रास असलेल्यांनी डबेच्या डबे रिचवू नयेत.

झायलिटॉल हे दुसरं शर्करा-अल्कोहोल बेकिंगला जास्त सोयीचं, गोडवा साखरेइतका. पण घरात कुत्रा असेल तर आणूच नये. थोडंसं झायलिटॉलही कुत्र्याच्या जिवावर बेततं.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेचे गोडकारक वापरू नयेत असा सल्ला दिला. त्यात स्टीव्हिया येतं. एरिथ्रिटॉलसारखे शर्करा-अल्कोहोल येत नाहीत, आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो सल्ला लागू नाही. हात थांबतो का, या तिसऱ्या प्रश्नावर हा सगळा गट मार खातो. गोडाची सवय आहे तिथेच राहते, फक्त तिची किंमत दुसरीकडे मोजली जाते.

बार आणि डबाबंद गोड

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि साखर पहिली दिसू नये म्हणून तिचे तुकडे करण्याची चाल जुनी आहे: तांदळाचा पाक, सफरचंदाच्या रसाचं सत्त्व, नारळाची साखर अशा तीन ठिकाणी वाटून टाकली की पहिल्या जागी ओट मिरवतो. तिन्ही एकत्र मोजा. ‘वरून साखर घातलेली नाही’ लिहिलेल्या खजुराच्या बारमध्ये ३५ ग्रॅमला १५ ग्रॅमच्या पुढे साखर सहज असते. प्रथिनांच्या बारमध्ये साखर कमी आणि तंतू भरपूर दिसले तर ते बहुधा चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन. एका बारला काही होत नाही, दोन खाल्ले की पोट ढोलासारखं. आतड्यांचा त्रास असलेल्यांनी अर्ध्या बारपासून सुरुवात करावी.

ओटच्या दुधात साखर न घालताही १०० मिलीला तीन-चार ग्रॅम असू शकते, कारण ओटचा स्टार्च एन्झाइमने फोडून त्याची माल्टोज ही साखर केलेली असते. कस्टर्ड किंवा खिरीला बिनसाखरेचं सोया दूध घ्या. साखर एका ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिनं तिनाच्या वर.

चिया पुडिंग: ४० ग्रॅम बिया, २५० मिली दूध. एकदा ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा ढवळा. दुसरं ढवळणं विसरलं की गुठळ्या. सुक्या चिया तोंडात टाकून वर पाणी पिऊ नका, त्या घशात फुगतात. चणे शिजवलेल्या पाण्याचा, म्हणजे अक्वाफाबाचा, फेस दिसायला थक्क करतो, पण त्याचं मेरिंग (फेस भाजून केलेलं कुरकुरीत गोड) उभं राहायला १२० मिलीला १०० ग्रॅम तरी साखर लागते. करमणूक म्हणून करा, आरोग्य म्हणून नको. गोठवलेली द्राक्षं उत्तम. लहान मुलांना उभी चार फाका करूनच द्या, अख्खं द्राक्ष घशात अडकतं.

रताळ्याबद्दल एक गंमत. ते सावकाश भाजलं की साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात त्यातलं एन्झाइम स्टार्चचं माल्टोज करतं, म्हणून थंड ओव्हनमध्ये ठेवून मग २०० अंशांवर तास-सव्वातास भाजलेलं रताळं मिठाईसारखं लागतं. मायक्रोवेव्हमध्ये तो टप्पा झपकन निघून जातो आणि रताळं फिकं राहतं. मात्र हा गोडवा फुकटचा नाही: भाजलेलं रताळं रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा बरंच जास्त चढवतं. मधुमेह असेल तर उकडूनच.

शेवटी गुडमार. या वेलीच्या पानातली आम्लं जिभेवरच्या गोडव्याच्या ग्राहकांना अडवतात, आणि साधारण अर्धा तास साखर तोंडात वाळूसारखी लागते. तिच्या चघळायच्या गोळ्या मिळतात. जेवणानंतर हात गोडाच्या डब्याकडे जाण्याआधी एक गोळी जिभेवर विरघळू द्यायची. गिळली तर जिभेवर काहीच परिणाम नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण हा अर्क पोटात गेल्यावर रक्तातली साखर उतरवू शकतो. आणि गोळी घेतल्यावर अर्धा तास तरी ते महागडं ८५ टक्क्यांचं चॉकलेट उघडू नका. निव्वळ कडू लागेल.